गणितातली सिद्धता वाचायची कशी आणि लिहायची कशी?

खडूचीधूळ

बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात, किंवा ऑलिंपियाडच्या तयारीत, एक ठरावीक तक्रार ऐकू येते: "वाचताना समजतं, वही मिटली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही." शाळेतल्या भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार कप्पे आखून मिळायचे आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं असायचं. कॉलेजात कप्पे जातात, पण कारण लिहायची जबाबदारी जात नाही. सगळी अडचण इथेच सुरू होते. म्हणून हा धागा.

आधी वाचनाबद्दल. सिद्धता एका दमात वरून खाली वाचणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मी सुचवतो तो क्रम असा.

पहिल्या फेरीत फक्त विधान वाचायचं, सिद्धता हातानं झाकून. काय दिलंय, काय मागितलंय, त्यातल्या प्रत्येक शब्दाची व्याख्या काय, हे कागदावर उतरवायचं. व्याख्या आठवत नसेल तर पुढे जाऊच नये. "अपरिमेय" म्हणजे काय हे माहीत नसताना √२ अपरिमेय असल्याची सिद्धता वाचणं म्हणजे पत्ता न घेता रिक्षात बसणं. मग दोन-तीन लहान उदाहरणं, आणि विधानाच्या अटींपैकी एक अट काढल्यावर ते मोडतं का, ते पाहायचं.

दुसऱ्या फेरीत सिद्धतेचा फक्त सांगाडा. सरळ आहे, विरोधाभासाची आहे, की विगमनाची म्हणजे इंडक्शनची? "समजा" कुठे आलं? तो "समजा" कुठे संपला?

तिसऱ्या फेरीत ओळ न् ओळ. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं लिहायचं: व्याख्येवरून, अमुक ओळीवरून, पक्षावरून, की आधीच्या प्रमेयावरून. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येत नाही तिच्यावर फुली. आणि शेवटी एक हिशोब: पक्षातली प्रत्येक अट किमान एकदा वापरली गेली का? वापरली नसेल तर एक तर ती अट फालतू आहे, किंवा (बहुतेक वेळा) ती एखाद्या ओळीत गुपचूप वापरली गेली आहे आणि ती ओळ तुम्हाला समजलेली नाही.

उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ.

विधान: √२ अपरिमेय आहे.
(१) समजा √२ परिमेय आहे. मग √२ = म/न असे पूर्णांक म, न आहेत; न शून्य नाही, आणि म व न यांना १ सोडून सामाईक अवयव नाही.
(२) म² = २न². म्हणून म² सम.
(३) म्हणून म सम. म = २ट लिहू.
(४) ४ट² = २न², म्हणजे न² = २ट². म्हणून न² सम, म्हणून न सम.
(५) म आणि न दोघांनाही २ ने भाग जातो. हे (१) च्या विरुद्ध. म्हणून √२ अपरिमेय.

इथे पेन्सिल चालवली की दोन जागा दिसतात. (१) मधलं "सामाईक अवयव नाही" हे नुसतं सोयीसाठी नाही, (५) मध्ये सगळा भार त्याच्यावरच आहे. आणि (३) मध्ये "म² सम, म्हणून म सम" हे फुकट मिळालेलं नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं: म विषम असता तर म = २ट+१, म² = ४ट²+४ट+१ = २(२ट²+२ट)+१, म्हणजे म² विषम झाला असता. हीच कॉन्ट्रापॉझिटिव्ह पद्धत: "अ तर ब" याऐवजी "ब नाही तर अ नाही" सिद्ध करायचं. दोन्हींचा अर्थ एकच.

लिहिण्याबद्दल प्रतिसादांमध्ये बोलूच. आपापल्या चुकलेल्या सिद्धता इथे बिनधास्त टाका.

बाकीशून्य

उत्तम धागा. एक भर: सिद्धता समजली की नाही हे तपासायची माझ्या मते सगळ्यात स्वस्त कसोटी म्हणजे ती जिथे चालू नये तिथे चालवून पाहणं.

वरची सिद्धता √४ साठी लिहा. √४ = २ आहे, त्यामुळे ती कुठेतरी अडायलाच हवी. कुठे? म² = ४न², म्हणून म² ला ४ ने भाग जातो. "म्हणून म ला ४ ने भाग जातो" - इथे! २² = ४ ला ४ ने भाग जातो, २ ला जात नाही. म्हणजे (३) ही ओळ हीच सिद्धतेचा जीव आहे, बाकीची फक्त मांडामांड.

आता √१२ घ्या. हा खरोखर अपरिमेय आहे. पण १२ घेऊन तीच सिद्धता लिहिलीत तर पुन्हा अडते: ६² = ३६ ला १२ ने भाग जातो, ६ ला नाही. विधान खरं, सिद्धता खोटी. हा फरक पटला की निम्मं काम झालं. विधान खरं असल्यामुळे सिद्धतेला मार्क मिळत नसतात.

पहिलंवर्ष

सर, वाचनखूण साठवली. माझी एक टाकतो. प्रश्न: प्रत्येक अभिसारी (कन्व्हर्जंट, म्हणजे एका ठरावीक संख्येकडे जाणारी) क्रमिका परिबद्ध (बाउंडेड) असते हे सिद्ध करा. (सबस्क्रिप्ट येत नाहीत म्हणून न-वं पद क(न) असं लिहितोय.)

"समजा क(न) ही क्रमिका ल कडे जाते. मग |क(न) − ल| < एप्सिलॉन. म्हणून |क(न)| < |ल| + एप्सिलॉन. म्हणून क्रमिका परिबद्ध आहे."

यात दहापैकी चार मिळाले. चूक काय तेच कळत नाहीये.

खडूचीधूळ

इथे "सर" नको, सगळे सारखेच.

तुमची कल्पना बरोबर आहे, हे आधी सांगतो. तरी चार ओळींत तीन भोकं आहेत.

पहिलं: एप्सिलॉन कोण? तो कुठून आला हे सांगितलंच नाही. सिद्धतेत कुठलंही अक्षर ओळख करून दिल्याशिवाय येऊ नये. ते "दिलेलं" आहे (प्रत्येकासाठी), की "मी निवडलेलं" आहे (असं एक आहे), हे त्याच ओळीत सांगायचं.

दुसरं: |क(न) − ल| < एप्सिलॉन हे कोणत्या न साठी? व्याख्या म्हणते की दिलेल्या एप्सिलॉनसाठी एक हद्द ह सापडते आणि न > ह असेल तेव्हा ते खरं. पहिल्या ह पदांबद्दल व्याख्या काहीच बोलत नाही. तुमच्या सिद्धतेत ही पदं वाऱ्यावर सोडली आहेत. क(१) एक कोटी असू शकतं!

तिसरं: परिबद्ध म्हणजे एकच संख्या ब, जी सगळ्या पदांना पुरते. तुमची |ल| + एप्सिलॉन ही एप्सिलॉनबरोबर बदलते. एप्सिलॉन आपल्या हातात आहे ना, मग एक ठोक किंमत घ्या आणि मोकळे व्हा.

दुरुस्त करून:

समजा क(न) ही क्रमिका ल कडे जाते. व्याख्येत एप्सिलॉन = १ घेऊ. मग असा नैसर्गिक ह आहे की न > ह असलेल्या प्रत्येक न साठी |क(न) − ल| < १. अशा न साठी त्रिकोण असमानतेवरून |क(न)| ≤ |क(न) − ल| + |ल| < १ + |ल|.
उरली क(१), क(२), ..., क(ह) ही पदं. ती सांत आहेत, म्हणून |क(१)|, ..., |क(ह)| आणि १ + |ल| यांतली सर्वात मोठी संख्या अस्तित्वात आहे. तिला ब म्हणू.
मग प्रत्येक न साठी |क(न)| ≤ ब. म्हणून क्रमिका परिबद्ध आहे.

"सांत आहेत म्हणून" हे तीन शब्द काढून पाहा. अनंत संख्यांमध्ये सर्वात मोठी असेलच असं नाही, त्यामुळे ते शब्द काढले की सिद्धता पडते. एप्सिलॉन = १ ऐवजी ५० घेतला असता तरी चाललं असतं. १ मध्ये काही जादू नाही.

तिरकीरेघ

वरच्या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: "प्रत्येक" आणि "असा एक" यांचा क्रम.

"प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे" आणि "एक किल्ली आहे जी प्रत्येक कुलपाला लागते" या दोन वाक्यांत शब्द तेच, क्रम वेगळा. पहिल्यात कुलूप बघून किल्ली निवडायची, दुसऱ्यात किल्ली आधीच ठरलेली. अभिसरणाच्या व्याख्येत ह हा एप्सिलॉन बघून निवडायचा. परिबद्धतेच्या व्याख्येत ब आधी ठरतो, न नंतर येतो. सातत्य आणि एकसमान सातत्य यांतला फरकही एवढाच: डेल्टा बिंदू बघून निवडायचा, की सगळ्या बिंदूंना एकच.

आणि मराठीत विचार करणाऱ्यांसाठी खास खड्डे आहेत, त्यावर कोणी बोलत नाही.

"सगळे विद्यार्थी पास झाले नाहीत." म्हणजे एकही झाला नाही, की काही झाले आणि काही नाही? बोलताना आवाजाच्या हेलावरून कळतं, कागदावर कळत नाही. सिद्धतेत हे वाक्य लिहूच नये. "किमान एक विद्यार्थी नापास झाला" किंवा "एकही विद्यार्थी पास झाला नाही" असं लिहावं.

"कोणताही" हा दुसरा लबाड शब्द. "कोणताही पूर्णांक घ्या" म्हणजे प्रत्येक. पण विद्यार्थी लिहितात "कोणताही ह असा घेऊ की..." आणि त्यांना म्हणायचं असतं "कोणतातरी". "प्रत्येक" आणि "असा एक तरी" हे दोनच शब्दप्रयोग वापरायचे, "कोणताही"ला सुट्टी द्यायची, असा नियम स्वतःपुरता केला तर निम्मे गोंधळ मिटतात.

तिसरा, माझा आवडता: तर आणि तरच.
"४ ने भाग जात असेल तर संख्या सम असते." खरं.
"४ ने भाग जात असेल तरच संख्या सम असते." खोटं, ६ बघा.
"सम असेल तरच संख्येला ४ ने भाग जातो." पुन्हा खरं!
एका "च"नं बाणाची दिशा उलटते. "अ असेल तरच ब" म्हणजे "ब तर अ". दोन्ही बाजू हव्या असतील तर "तर आणि तरच" लिहायचं, आणि मग सिद्धताही दोन लिहायच्या, एकेका दिशेची. उत्तरपत्रिकेत एकच दिशा लिहून "म्हणून सिद्ध" म्हणणारे भरपूर असतात.

अपवाद फक्त व्याख्यांचा. "२ ने निःशेष भाग जात असेल तर त्या संख्येला सम म्हणतात" यात "तर" लिहिलंय, पण अर्थ "तर आणि तरच" असा. हा जुना रिवाज आहे. चालायचंच.

काटकोन

तिरकीरेघ, "च"बद्दल +१००.

यालाच जोडून: नकार लिहिण्याचा सराव वेगळा करावा. नियम यांत्रिक आहे: डावीकडून उजवीकडे जायचं, "प्रत्येक"चं "असा एक" करायचं, "असा एक"चं "प्रत्येक", आणि शेवटचं विधान उलटं करायचं.

"क(न) ही ल कडे जाते": प्रत्येक एप्सिलॉन > ० साठी असा एक ह आहे की प्रत्येक न > ह साठी |क(न) − ल| < एप्सिलॉन.
नकार: असा एक एप्सिलॉन > ० आहे की प्रत्येक ह साठी असा एक न > ह सापडतो, ज्याला |क(न) − ल| ≥ एप्सिलॉन.

"एप्सिलॉन > ०" आणि "न > ह" यांना हात लावायचा नाही हे लक्षात ठेवा. ते निवडीचे नियम आहेत, विधान नव्हे. "असा एक एप्सिलॉन ≤ ०" लिहिणारे दर वर्षी सापडतात.

वापरून बघू. १, −१, १, −१, ... ही कुठल्याच ल कडे जात नाही. एप्सिलॉन = १ निवडला. १ आणि −१ दोन्ही ल पासून १ पेक्षा कमी अंतरावर असते, तर २ = |१ − (−१)| ≤ |१ − ल| + |ल + १| < २ झालं असतं. म्हणजे दोघांपैकी एक तरी ल पासून किमान १ अंतरावर. आणि दोघंही कुठल्याही हद्दीपलीकडे पुन्हा पुन्हा येतात. संपलं. नकार नीट लिहिला की काय निवडायचं आणि काय दाखवायचं ते त्यातच लिहिलेलं असतं.

खडूचीधूळ

आता लिहिण्याकडे. सगळ्यात मोठा गैरसमज: सिद्धता ज्या क्रमानं सुचते त्याच क्रमानं लिहायची असते. तसं नाही. रफ वहीत शेवटाकडून मागे यायचं आणि फेअर वहीत पुढून जायचं.

प्रश्न: क्ष ३ कडे जाताना क्ष² हे ९ कडे जातं, हे एप्सिलॉन-डेल्टानं दाखवा.

रफ: हवंय |क्ष² − ९| < एप्सिलॉन. |क्ष² − ९| = |क्ष − ३|·|क्ष + ३|. पहिला अवयव आपल्या ताब्यात, दुसरा मोकाट. बऱ्याच जणांना इथे डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + ३| घ्यायचा मोह होतो. चालणार नाही, डेल्टा क्ष येण्याआधी ठरायला हवा (किल्ली-कुलूप आठवा). मग मोकाट अवयवाला आधी दावं बांधू: |क्ष − ३| < १ ठेवलं तर क्ष २ आणि ४ च्या मध्ये, क्ष + ३ हा ५ आणि ७ च्या मध्ये. म्हणून |क्ष + ३| < ७. आता |क्ष − ३| < एप्सिलॉन/७ पुरेल.

फेअर: समजा एप्सिलॉन > ० दिला आहे. १ आणि एप्सिलॉन/७ यांतला लहान आकडा म्हणजे डेल्टा घेऊ. तो धन आहे. समजा ० < |क्ष − ३| < डेल्टा. डेल्टा ≤ १ असल्यामुळे २ < क्ष < ४, म्हणून |क्ष + ३| < ७. म्हणून |क्ष² − ९| = |क्ष − ३|·|क्ष + ३| < (एप्सिलॉन/७)·७ = एप्सिलॉन.

फेअर प्रतीत ७ आकाशातून पडल्यासारखा दिसतो. पुस्तकांत छापलेली असते ती फेअर प्रत. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, हे सुचणं आपल्या आवाक्यातलं नाही. छापील सिद्धता वाचताना "हा ७ रफमध्ये कुठून आला असेल" हे शोधून समासात लिहा, हा फार मोलाचा सराव आहे.

बाकीशून्य

मागून पुढे येताना एक धोका. साध्य मांडून त्यावर क्रिया करत करत काहीतरी खरं मिळालं, म्हणून साध्य खरं, असं होत नाही. −१ = १ मांडा, दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १ मिळालं. झालं सिद्ध?

धन अ, ब साठी (अ+ब)/२ ≥ √(अब) हे बहुतेक जण असंच लिहितात: साध्य, मग दुप्पट, मग अ − २√(अब) + ब ≥ ०, मग (√अ − √ब)² ≥ ०, "जे खरं आहे". इथे प्रत्येक पायरी उलटी फिरते म्हणून नशिबानं निभावतं. फेअर प्रतीत उलटं लिहा: वर्ग ऋण नसतो, म्हणून (√अ − √ब)² ≥ ०, म्हणून अ + ब ≥ २√(अब), म्हणून साध्य. ओळी तेवढ्याच, आता शंकेला जागा नाही.

पहिलंवर्ष

चार मार्क का मिळाले ते कळलं, उलट जास्तच मिळाले म्हणायचे. :) विगमनाबद्दलही कोणी लिहा ना. त्यात "न साठी खरं मानू" म्हणतो तेव्हा जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरतोय असं वाटतं.

काटकोन

शंका रास्त आहे, आणि ती येते वाक्य चुकीचं लिहिल्यामुळे. "समजा सर्व न साठी विधान खरं आहे" असं लिहिलंत तर खरंच साध्यच गृहीत धरलंत. लिहायचं असं: "समजा न हा एखादा ठरावीक नैसर्गिक अंक आहे, आणि त्या न साठी विधान खरं आहे. आता न+१ साठी दाखवू." आपण "खरं आहे" असं म्हणतच नाही, "इथे खरं असेल तर पुढच्या घरात खरं" एवढंच म्हणतो. सुरुवातीचं घर वेगळं तपासलेलं असतं.

विगमन फसतं कुठे ते बघायला घोड्यांचं जुनं कोडं चांगलं. "कोणत्याही न घोड्यांच्या कळपात सगळे एका रंगाचे." न = १ ला उघड खरं. न ला खरं मानून न+१ घोडे घ्या. पहिला बाजूला काढा, उरलेले न एका रंगाचे. त्याला परत आणा, शेवटचा काढा, उरलेले न एका रंगाचे. मधले घोडे दोन्ही गटांत आहेत, म्हणून सगळे एका रंगाचे!

बिघाड न = १ वरून २ वर जाताना आहे. दोन घोड्यांत "मधले" कोणीच नसतात. २ वरून ३, ३ वरून ४, पुढच्या सगळ्या उड्या निर्दोष आहेत, एकच कडी तुटलेली आणि अख्खी साखळी गेली. म्हणून विगमनाची पायरी लिहून झाली की ती न च्या सर्वात लहान किमतीला हातानं चालवून पाहायची.

तिरकीरेघ

"उदाहरणं तपासली, सगळीकडे चालतंय" याबद्दलही लिहायला हवं. न² + न + ४१ ही ऑयलरची राशी: न = ० पासून ३९ पर्यंत चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्या मिळते. न = ४० ला १६८१, म्हणजे ४१ × ४१. वर्तुळावर १, २, ३, ४, ५ बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले तर आतले भाग जास्तीत जास्त १, २, ४, ८, १६ होतात. सहा बिंदूंना ३२ नाहीत, ३१.

पाटीपेन्सिल

पण उदाहरणं तपासून सिद्धता होतच नाही असंही नाही. शक्यता सांत असतील तर सगळ्या तपासणं ही पूर्ण सिद्धता आहे. देवळालीच्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, पुन्हा पुन्हा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो.

दहा हजार संख्या तपासायच्या? इथे सिद्धतेचं कौशल्य आहे. अंक उतरत्या क्रमानं अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून. अ − ड हा १ ते ९, आणि ब − क हा ० पासून अ − ड पर्यंत. एकूण जोड्या २ + ३ + ... + १० = ५४. एका दुपारी हातानं होण्यासारखं काम.

एक खबरदारी: वजाबाकी ९९९ आली तर ती ०९९९ समजायची, चार अंक राखायचे. २१११ चा प्रवास: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. ही खबरदारी विधानातच लिहिलेली हवी, नाहीतर २१११ हेच उलट उदाहरण म्हणून कोणीतरी तोंडावर मारेल.

म्हणूनच

अवांतर: गणितातल्या "उपपत्ती"ची, म्हणजे सिद्धतेची, परंपरा आपल्याकडे आहेच. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तीत नियम आणि उदाहरणं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर बुद्धिविलासिनी हे भाष्य लिहिलं, त्यात त्या नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. सूत्र वाचून "असं का?" विचारणारा वाचक तेव्हाही होता.

मुद्द्याचं: भाषा. सिद्धता म्हणजे वाक्यं. बाणांची रांग नव्हे. प्रत्येक ओळीची सुरुवात "समजा", "म्हणून", "कारण", "आता" यांपैकी कशानं होते ते बघा. "समजा" नवीन गृहीतक आणतं, "म्हणून" आधीच्या ओळीचा निष्कर्ष, "घेऊ" म्हणजे निवड. हे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. आणि "उघड आहे" हे लिहिण्याआधी ते कारण एका ओळीत लिहून बघा. एका ओळीत मावलं तर तीच ओळ लिहा. मावलं नाही तर उघड नव्हतं.

युक्लिडची मूळ संख्या अनंत असल्याची सिद्धता चुकीची सांगितली जाते ती अशाच सैल शब्दांमुळे. "सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ ही नवी मूळ संख्या" असं लोक बिनदिक्कत लिहितात. २×३×५×७×११×१३ + १ = ३००३१ = ५९ × ५०९. मूळ नाही! सिद्धता एवढंच म्हणते की त्या संख्येला भागणारी एखादी मूळ संख्या आधीच्या यादीत नसते. इथे ५९ नाही, ५०९ही नाही.

पाटीपेन्सिल

सरावासाठी एक सूचना. एक सिद्धता वाचा, तीन-चार शब्दांत तिची कळ लिहा ("एप्सिलॉन = १, शेपटी वेगळी, डोकं वेगळं"), दुसऱ्या दिवशी फक्त त्या शब्दांवरून पूर्ण सिद्धता लिहा. पाठ केलेली सिद्धता अक्षरं बदलली की कोसळते, कळ समजलेली टिकते. म्हणून लिहिताना मुद्दाम वेगळी अक्षरं वापरा. आणि वही अशा मित्राला द्या ज्याला विषय येतो पण हा प्रश्न त्यानं पाहिलेला नाही. त्यानं तुम्हाला न विचारता वाचायचं. जिथे तुम्हाला तोंडी "म्हणजे काय, की..." सांगावं लागलं, तिथे लेखनात भोक आहे.

संगणकाची आवड असेल तर लीन ही सिद्धता तपासणारी संगणक प्रणाली आणि तिच्यावरचा नॅचरल नंबर गेम बघा, ब्राउझरमध्ये चालतो. न + ० = न हे तिथे बेरजेच्या व्याख्येतच मिळतं, पण ० + न = न विगमनानं सिद्ध करावं लागतं. "उघड आहे"ची सवय दोन तासांत सुटते. लीनमध्ये जिथे कारण सुचत नाही तिथे "सॉरी" हा शब्द लिहून पुढे जाता येतं आणि ती जागा इशारा देत राहते. रफ वहीतही हीच युक्ती करा: अडलेल्या ओळीला चौकट करून पुढे जा, चौकट भरल्याशिवाय फेअर करू नका.

बाकीशून्य

लीन छान आहे, पण पहिल्या वर्षाला नको असं माझं मत. वाक्यरचनेशी झगडण्यात कल्पना मागे पडते. कागद आणि खोडरबर पुष्कळ झालं.

पहिलंवर्ष

√१२ करून पाहिलं. तपासा.

आधी: अ² ला ३ ने भाग जात असेल तर अ ला ३ ने भाग जातो. समजा अ ला ३ ने भाग जात नाही. मग अ = ३ट+१ किंवा ३ट+२. अ² = ३(३ट²+२ट)+१ किंवा ३(३ट²+४ट+१)+१. दोन्हीकडे बाकी १, म्हणून अ² ला ३ ने भाग जात नाही.

आता समजा √१२ = म/न, म व न पूर्णांक, न शून्य नाही, १ सोडून सामाईक अवयव नाही. म² = १२न², म्हणून म² ला ३ ने भाग जातो, म्हणून म ला ३ ने भाग जातो. म = ३ट. ९ट² = १२न², म्हणजे ३ट² = ४न². म्हणून ४न² ला ३ ने भाग जातो, म्हणून न ला ३ ने भाग जातो. विरोधाभास.

बाकीशून्य

फारच सुधारणा. पण "४न² ला ३ ने भाग जातो, म्हणून न ला" - तुमचं आधीचं विधान वर्गाबद्दल आहे, ४ पट वर्गाबद्दल नाही. ही ओळ चौकटीत.

पहिलंवर्ष

४न² = (२न)². म्हणून आधीच्या विधानावरून २न ला ३ ने भाग जातो. ३न लाही जातो. म्हणून ३न − २न = न ला जातो.

काटकोन

बरोबर. आणखी आखूड: ४न² आणि ३न² दोघांना ३ ने भाग जातो, म्हणून वजाबाकी न² ला जातो, मग तुमचं विधान थेट लागतं. दोन्हीपैकी कुठलीही ठेवा. आता √२ + √३ घ्या. वर्ग करून सुरुवात करा, आणि त्यासाठी √६ बद्दल काय आधी सिद्ध करावं लागेल ते पहिल्या ओळीत लिहा.